बापाने पोलिसात दिलेला मुलगा

अब्बांची कोळशाची इस्त्री पितळेची होती. तालुक्याच्या गावात बाजारतळाच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनी, कापड बेतायचं एक टेबल आणि ती इस्त्री, एवढाच पसारा. नऊ वर्षांच्या मला ती दोन्ही हातांनीही धड उचलत नसे. १९८८ च्या उन्हाळ्यात एक दिवस ती गायब झाली. दोन दिवसांनी कळलं की माझ्या थोरल्या भावाने, भाईजानने, ती भंगारात विकली आणि आलेल्या पैशात दोन मित्रांना घेऊन व्हिडिओ पार्लरला ओळीने तीन सिनेमे पाहिले. उरलेल्या पैशाची भजी खाल्ली. तेव्हा तो चौदाचा होता.

अब्बांनी त्याला मारलं नाही. मनगटाला धरून चौकीवर नेलं. तिथला हवालदार वर्दी आमच्याकडेच शिवायला टाकायचा. "एक रात्र बसवा साहेब, अक्कल येईल," असं सांगून अब्बा एकटेच परत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि अम्मी त्यांच्याशी बोलली नाही. भाईजान सकाळी परतला. कोणी हात लावला नव्हता, बाकड्यावर बसवून ठेवलं होतं, पहाटे चहाही दिला होता. अम्मीने खोदून खोदून विचारलं तर "कुछ नै" एवढंच म्हणाला. पुढे अब्बा हयात असेपर्यंत दोघांत कामापुरतंच बोलणं होत राहिलं.

आमच्या मोहल्ल्यात या प्रसंगाचं कोणाला नवल वाटलं नाही. पोरगं हाताबाहेर गेलं की चौकी दाखवायची, हा तेव्हाचा घरगुती इलाज होता. रिमांड होमचं नाव तर आयांच्या तोंडी रोजचं असायचं. मलाही त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पुढे कॉलेजात असताना पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत मी फ्रान्स्वा त्रुफोचा १९५९ सालचा पहिला मोठा चित्रपट पाहिला. पडद्यावर एक बाप आपल्या मुलाला मानगुटीला धरून रस्त्याने पोलीस ठाण्याकडे नेत होता. मला इस्त्री आठवली.

चित्रपटाचं फ्रेंच नाव 'ले कात्र सां कू'. इंग्रजीत त्याचं शब्दशः 'चारशे फटके' झालं आणि जगभर तेच रूढ झालं. खरं तर फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे. 'चारशे फटके करणं' म्हणजे उच्छाद मांडणं, वाह्यातपणा करत हिंडणं. इंग्रजी नावामुळे मी पहिल्यांदा पाहताना मुलाला किती वेळा मारतात ते मोजत बसलो होतो. मार फारसा नाहीच. दोन-तीन थपडा आहेत.

आंत्वान द्वानेल हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पॅरिसमधल्या एका कोंदट घरात आई आणि सावत्र बापाबरोबर राहतो. त्याला स्वतंत्र खोली नाही, दाराजवळच्या बोळकांडीत तो झोपतो. शाळा बुडवून तो रेने नावाच्या मित्राबरोबर भटकतो. दुसऱ्या दिवशी मास्तर कारण विचारतात तेव्हा काही न सुचून सांगतो, आई वारली. थोड्या वेळाने तीच आई शाळेच्या दारात उभी राहते. बाल्झाक या लेखकावर त्याचा इतका जीव की त्याच्या चित्रापुढे मेणबत्ती लावतो आणि पडद्याला आग लागते. निबंधात बाल्झाकचाच मजकूर उमटतो आणि मास्तर चोरीचा ठपका ठेवतात. शेवटी घर सोडतो आणि पैशासाठी सावत्र बापाच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरतो. तो विकला जात नाही, ओझं मात्र जीवघेणं. कंटाळून तो परत ठेवायला जातो आणि ठेवताना पकडला जातो. हे विसरता येत नाही. नेताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

ही त्रुफोचीच गोष्ट, थोडी बदललेली. त्याचा जन्म ६ फेब्रुवारी १९३२ चा. आई जानीन अविवाहित होती. पुढच्या वर्षी तिने रोलां त्रुफो या गृहस्थाशी लग्न केलं आणि त्याने मुलाला आपलं नाव दिलं. पोर आधी दाईकडे आणि नंतर आजीकडे वाढलं. दहाच्या आसपास असताना आजी गेली आणि तो आईबापाच्या घरी आला. ते त्याला जवळजवळ अनोळखीच होते. रोलांला गिर्यारोहणाचं वेड होतं, त्यामुळे सुट्टीत नवराबायको डोंगरात आणि पोरगं घरी एकटं. चित्रपटात बापाला मोटारींच्या शर्यतींचा नाद दाखवला आहे, एवढाच फरक. शाळा बुडवल्यावर खऱ्या त्रुफोने मास्तरांना सांगितलं होतं की वडिलांना जर्मनांनी पकडून नेलं. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, म्हणून ही थाप सहज खपण्यासारखी होती. चित्रपटाचा काळ पुढे आणल्यावर जर्मन गेले आणि त्यांच्या जागी आईचं मरण आलं.

सोळाव्या वर्षी त्याने एक फिल्म क्लब काढला, कर्ज करून बसला, आणि रोलांच्या ऑफिसातला टाइपरायटर उचलला. १९४८ च्या डिसेंबरात रोलांने त्याला स्वतः पोलिसांकडे नेलं. तिथून त्याची रवानगी पॅरिसच्या दक्षिणेला विल-ज्वीफ इथल्या अल्पवयीन मुलांच्या निरीक्षण केंद्रात झाली. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत तो तिथे होता.

चित्रपटावर लिहिणारे बहुतेक लोक इथून थेट कॅमेऱ्याकडे वळतात. मला मात्र रोलांकडे जरा थांबायचं आहे. बापाने मुलाला हाताला धरून सरकारकडे सोपवणं, यात त्या काळच्या फ्रान्सला काही वावगं वाटत नव्हतं. तो त्याचा हक्क होता आणि तो हक्क फार जुना होता.

राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये 'लेत्र द काशे' नावाची चिठ्ठी असे. तिच्यावर राजाची सही असली की ज्याचं नाव त्यात असेल त्याला खटल्याशिवाय डांबता येई. आपण शाळेत शिकलो ते एवढंच की राजा आपल्या विरोधकांना असं बास्तीय किल्ल्यात टाकत असे. पण या चिठ्ठ्यांसाठी येणाऱ्या अर्जांतला मोठा भाग घरगुती होता. उधळ्या मुलाला, पळून जाणाऱ्या मुलीला, दारुड्या नवऱ्याला आवरा म्हणून घरचेच लोक अर्ज करत. क्रांतीतला गाजलेला वक्ता मिराबो याला त्याच्या सरदार बापाने असंच एकदा इफच्या किल्ल्यात आणि नंतर व्हांसेनमध्ये कोंडून ठेवलं होतं. मिराबोने या चिठ्ठ्यांविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्यामुळे त्याचं नाव तरी राहिलं. बाकीच्यांचे अर्ज बास्तीयच्या दप्तरात पडून होते. इतिहासकार आर्लेत फार्ज आणि तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी ते शोधून १९८२ मध्ये छापले. त्यांतले अनेक अर्जदार गरीब आहेत, कारागीर आणि छोटे दुकानदार. ज्यांना नीट लिहिता येत नव्हतं ते पैसे देऊन अर्ज लिहून घेत. या पुस्तकाबद्दल प्रथम वाचलं तेव्हा मला शिलाई दुकान दिसलं आणि वर्दीचं माप देणारा हवालदार दिसला. गरिबाकडे मुलाला धाक घालायला दुसरं काय असतं? इभ्रत असते, आणि ओळखीचा एखादा सरकारी माणूस असतो.

क्रांतीने १७९० मध्ये या चिठ्ठ्या रद्द केल्या. राजा गेला, तसा घरातला राजाही काही काळ डळमळला. मग नेपोलियन आला आणि १८०४ च्या त्याच्या दिवाणी संहितेने बापाचं आसन परत मांडून दिलं. त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. मुलाच्या वागण्याबद्दल 'गंभीर असमाधान' असेल तर बाप त्याला डांबण्याची मागणी करू शकतो. मूल सोळाच्या आतलं असेल तर एक महिन्यापर्यंत, आणि न्यायाधीशाने बापाच्या मागणीवर हुकूम काढायलाच हवा. सोळाच्या पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत ही मुदत सहा महिन्यांची, पण तिथे न्यायाधीशाला नकार देण्याची मुभा होती. अटकेच्या हुकमाखेरीज कागद करायचा नाही आणि त्या हुकमातही कारण लिहायचं नाही, म्हणजे घराची अब्रू राहील. खर्च आणि मुलाचं जेवण बापाने द्यायचं. बाप नसेल तर आईला हा अधिकार एकटीला नव्हता, बापाकडच्या दोन जवळच्या नातेवाइकांची संमती लागे. 'पितृ-सुधारणा' असं या हक्काचं नाव होतं. सुधारणा या शब्दाने इतकी माणसं कोंडली आहेत की तो दिसला की मी सावध होतो.

या मुलांना आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असलेल्या बेवारस, भुरट्या, 'समज नसताना गुन्हा केला' म्हणून सुटलेल्या पोरांना ठेवायचं कुठे, यातून शेती वसाहती निघाल्या. तूर शहराजवळच्या मेत्रेत १८४० मध्ये पहिली मुलं आली. भिंत नाही, मोकळी शेतं, घराघरांतून मुलांच्या तुकड्या, बिगुलावर उठणं आणि बिगुलावर झोपणं. युरोपभरचे शहाणे लोक ती बघायला येत. लेखक झां जने काही काळ तिथेच होता. ती १९३० च्या दशकात बंद पडली, आणि त्या बंद पडण्यामागे दुसऱ्या एका वसाहतीतल्या चीजच्या तुकड्याचाही वाटा आहे.

ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोर बेल-इल नावाचं बेट आहे. नावाचा अर्थ 'सुंदर बेट'. तिथे राजकीय कैद्यांच्या जुन्या तुरुंगात १८८० पासून मुलांची दंडवसाहत होती. २७ ऑगस्ट १९३४ च्या रात्री जेवताना एका मुलाने नियम मोडून सूपच्या आधी चीजला तोंड लावलं. रखवालदारांनी त्याला इतकं मारलं की बाकीची पोरं उठली. दंगा झाला आणि पन्नासहून अधिक मुलं भिंत चढून पळाली. बेटावरून पळून जाणार कुठे? जो तो अखेर समुद्रापाशी येऊन थांबला. एका मुलामागे वीस फ्रँक इनाम लागलं, आणि गावकऱ्यांबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेले पर्यटकही पोरांच्या शिकारीला निघाले. झाक प्रेव्हेरने यावर कविता लिहिली, ती गाण्यातून घराघरांत गेली. वर्तमानपत्रांनी, विशेषतः आलेक्सी दानां या पत्रकाराने, मुलांच्या या तुरुंगांविरुद्ध मोहीमच चालवली. पुढच्याच वर्षी, १९३५ च्या ऑक्टोबरात, बापाच्या मागणीवरून मुलाला तुरुंगात टाकणं कायद्याने बंद झालं. संस्थेत ठेवण्याची मागणी मात्र तो अजून करू शकत होता.

महायुद्ध संपण्याआधीच, २ फेब्रुवारी १९४५ ला, द गॉलच्या हंगामी सरकारने बालगुन्हेगारीवरचा मोठा वटहुकूम काढला. शिक्षेपेक्षा शिक्षण आधी, हे त्याचं सूत्र होतं. मुलांसाठी वेगळा न्यायाधीश आला. मुलाला आधी समजून घ्यायचं आणि मग ठरवायचं, यासाठी निरीक्षण केंद्रांना महत्त्व आलं. मानसशास्त्रज्ञ आले, चाचण्या आल्या. १९४८ च्या डिसेंबरात सोळा वर्षांचा त्रुफो या नव्या, सुधारलेल्या व्यवस्थेच्या दारातून आत गेला. नेणारा हात मात्र जुनाच होता, बापाचा.

आता तारखांकडे बघू. 'ले कात्र सां कू'चं चित्रीकरण १० नोव्हेंबर १९५८ ला सुरू झालं आणि १९५९ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपलं. या दोन तारखांच्या मध्ये, २३ डिसेंबर १९५८ ला, फ्रान्समध्ये आणखी एक वटहुकूम निघाला. त्याने बापाचा हा 'सुधारणे'चा हक्क कायमचा मोडीत काढला आणि त्या जागी 'शैक्षणिक साहाय्य' आणलं. आता प्रश्न बापाच्या असमाधानाचा नव्हता, मुलाला धोका आहे का याचा होता. दीडशे वर्षांचा हक्क कागदावरून पुसला जात होता, आणि त्याच शहरात एक सव्वीस वर्षांचा तरुण आपल्या बापाने बजावलेल्या त्याच हक्काची गोष्ट कॅमेऱ्यापुढे मांडत होता. त्रुफोला त्या वटहुकमाची खबर होती की नाही, याने मला फरक पडत नाही. मला या तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघायला आवडतात, इतकंच.

हे वाचल्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा आधी नजरेतून सुटलेल्या जागा दिसू लागल्या. निरीक्षण केंद्रात मुलं जेवायला बसली आहेत. आंत्वानने हुकमाआधीच पावाचा तुकडा तोडला आहे. देखरेख करणारा माणूस त्याला विचारतो, डावा की उजवा? मग हातातलं घड्याळ काढून ठेवतो आणि सांगितलेल्या हाताने थप्पड मारतो. १९३४ मध्ये चीज, १९५९ मध्ये पाव. त्रुफोने ते बेल-इल मनात ठेवून घेतलं, असा दावा मी करणार नाही. पण त्या वेळी थिएटरात बसलेल्या प्रौढ फ्रेंच माणसाला ते बेट आठवलं नसेल, असं वाटत नाही.

दुसरी जागा न्यायाधीशाच्या खोलीतली. समोर बाप नाही, आई बसली आहे. ती सांगते की नवरा मुलाचा खरा बाप नाही. न्यायाधीश निरीक्षण केंद्राची गोष्ट काढतात. ती विचारते, शक्य असेल तर समुद्राकाठचं मिळेल का? हे काही सुट्टीचं शिबिर नव्हे बाईसाहेब, असं उत्तर येतं. पहिल्यांदा मी यावर हसलो होतो, थिएटरात बाकीचेही हसले. पण ही बाई वाईट नाही. तिला पोराला घालवायचंही आहे आणि त्याचं बरंही व्हावं असं वाटतंय, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवायची तिची धडपड आहे. तिची मागणी मंजूर होते, हे तर आपल्याला शेवटी कळतंच. फुटबॉलच्या खेळात चेंडू बाहेर जातो आणि आंत्वान कुंपणाखालून सटकतो. कॅमेरा त्याच्याबरोबर पळत राहतो, झाडं, शेतं, रस्ता, न थांबता. मग समुद्र येतो. पाय पाण्यात जातात, तो वळतो, आपल्याकडे बघतो, आणि चित्र तिथेच गोठतं.

मधली ती मुलाखत सगळ्यांनाच आठवते. मानसशास्त्रज्ञ बाईंचा फक्त आवाज येतो, त्या दिसत नाहीत. कॅमेरा मुलावरून हलत नाही. चौदा वर्षांचा झां-पिएर लेओ आपल्या शब्दांत उत्तरं देतो, कधी हसतो, टेबलावर हात फिरवतो. आईला आपण नको होतो, आजीमुळे जन्मलो, हे तो अगदी सहज सांगून जातो, आमच्याकडे पोरं शाळेतल्या मारामारीबद्दल सांगतात तसं. याच उत्तरांत एक माणूस येऊन जातो. सँ-दनी रस्त्यावर आपण बायकांच्या शोधात गेलो होतो, त्या हाकलत होत्या, तेव्हा एका उत्तर आफ्रिकी माणसाने विचारपूस केली आणि मदत करायचा प्रयत्न केला, असं आंत्वान सांगतो. बस. नाव नाही, चेहरा नाही.

माझ्यासारखा वाचक-प्रेक्षक इथे अडखळतोच. चित्रीकरण चालू होतं तेव्हा अल्जिरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचं पाचवं वर्ष सुरू होतं. पॅरिसच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर हजारो अल्जिरियन मुसलमान राबत होते, आणि १९५८ च्या मार्चपासून शहराचा पोलीस प्रमुख मोरीस पापों होता. तोच पापों ज्याने १९६१ च्या ऑक्टोबरात अल्जिरियनांवर रात्रीची संचारबंदी लादली आणि ज्याच्या पोलिसांनी १७ ऑक्टोबरच्या मोर्चातल्या माणसांना मारून सेन नदीत फेकलं. चित्रपटात यातलं काही नाही. तशी अपेक्षा मी करणार नाही, बारा वर्षांच्या मुलाचं शहर वेगळं असतं. तरी ज्या पोलीस ठाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात आंत्वानला बसवतात आणि ज्या गाडीच्या गजांमागून तो रात्रीचे दिवे बघत रडतो, ती ठाणी आणि त्या गाड्या त्याच वर्षांत आणखी कोणासाठी वापरल्या जात होत्या, हे आता मला विसरता येत नाही. त्रुफोच्या खात्यावर एक गोष्ट जमा करायला हवी. १९६० मध्ये फ्रान्समधल्या लेखक-कलावंतांनी एक जाहीरनामा काढला की अल्जिरियाविरुद्ध शस्त्र उचलायला नकार देण्याचा तरुणांना हक्क आहे. '१२१ चा जाहीरनामा' म्हणून तो ओळखला जातो. त्रुफोने त्यावर सही केली. सही करणाऱ्यांवर सरकारी रेडिओ-टीव्हीचे दरवाजे बंद झाले. तो स्वतः एके काळी पळपुटा सैनिक होता. १९५० च्या अखेरीस सैन्यात भरती झाला, इंडोचायनाला जायची वेळ आली तेव्हा पळाला, लष्करी कोठडी भोगली, आणि १९५२ मध्ये स्वभाव अस्थिर म्हणून सुटला.

दोन्ही वेळा, केंद्रातून आणि सैन्यातून, त्याला सोडवण्यासाठी धडपडला तो आंद्रे बाझां. बाझां शिक्षक व्हायचं म्हणून शिकला, पण तोतरेपणामुळे शिक्षकाची नोकरी मिळाली नाही. मग तो कामगारांना आणि विद्यार्थ्यांना सिनेमे दाखवत, त्यावर बोलत आणि लिहीत राहिला. मुलगा फिल्म क्लबच्या भांडणातून त्याच्याकडे आला होता. बाझांने त्याच्याविषयी अधिकाऱ्यांकडे शब्द टाकला, त्याला काम दिलं, पुढे आपल्या घरात ठेवून घेतलं. १९५१ मध्ये निघालेल्या 'काये द्यु सिनेमा' या मासिकात त्रुफोची लेखणी तयार झाली, तीही बाझांच्या सावलीत. चित्रीकरणाचा पहिला दिवस संपला त्या रात्री बाझां रक्ताच्या कर्करोगाने वारला. तारीख ११ नोव्हेंबर १९५८, वय चाळीस. चित्रपट त्याच्या स्मृतीला अर्पण आहे. म्हणजे या कथेत नाव देणारा बाप एक, सोडवून आणणारा दुसरा. आणि तिसराही होता, तो कळायला आणखी दहा वर्षं गेली.

१९५९ च्या मे महिन्यात कानच्या महोत्सवात त्रुफोला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आदल्या वर्षी याच महोत्सवाने त्याला तिखट टीकाकार म्हणून दारातच अडवलं होतं. वर्तमानपत्रांत हा दिग्दर्शकाच्याच बालपणाचा चित्रपट असल्याची चर्चा झाली. रोलां आणि जानीन दुखावले. आपल्याला जगासमोर उघडं पाडलं असं त्यांना वाटलं, आणि त्रुफोला मुलाखतींतून सांगावं लागलं की ही जशीच्या तशी माझी आत्मकथा नव्हे. समीक्षक या भागावरून एका ओळीत पुढे जातात. मी नाही जाऊ शकत. रोलांने परक्याच्या मुलाला नाव दिलं होतं. चित्रपटातला सावत्र बापही अनेकदा मजेदार आहे, स्वयंपाकघरात विनोद करतो, पोराशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. त्याला फक्त त्या पोराचं काय करायचं ते कळत नाही. त्याच्याकडे एक कायदा आहे, तो वापरतो.

१९६८ मध्ये त्रुफो 'बेझे व्होले' करत होता. त्यात मोठा झालेला आंत्वान खाजगी गुप्तहेराच्या कचेरीत नोकरीला लागतो. त्या निमित्ताने संपर्कात आलेल्या एका खऱ्या गुप्तहेर संस्थेला त्याने आपल्या जन्मदात्याचा शोध घ्यायला सांगितलं. उत्तर आलं की तो रोलां लेव्ही नावाचा यहुदी दंतवैद्य आहे. म्हणजे पॅरिसमध्ये जर्मन असताना, मास्तरांना 'वडिलांना जर्मनांनी नेलं' अशी थाप मारणाऱ्या मुलाचा जन्मदाता खरोखरच त्या धोक्यातला माणूस होता. त्रुफोने त्याची गाठ घेतली नाही.

आपल्याकडे, १९८६ च्या बाल न्याय कायद्यात कलम १७ होतं. आईबाप किंवा पालक मंडळापुढे येऊन 'हे मूल आवरत नाही' अशी तक्रार करू शकत, आणि चौकशीत तथ्य वाटलं तर मुलाला निरीक्षणगृहात पाठवता येई. अब्बांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना हवालदार माहीत होता.

अब्बा २०११ मध्ये गेले. भाईजान भिवंडीला एका कारखान्यात कटिंग मास्टर आहे. गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर हा चित्रपट लावला. फ्रेंच बोलणं, इंग्रजी अक्षरं, त्यामुळे मधूनमधून मी समजावून सांगत होतो. पोरं उठून गेली, भाईजान बसला. टाइपरायटर परत ठेवताना मुलगा पकडला गेला तेव्हा त्याने हात वर केला. मी चित्र थांबवलं.

"इस्त्री वापस लेने मैं भी गया था," तो म्हणाला. "दुसरे दिन. भंगारवाला बोला, वो तो गई, गाडी में भर के."

छत्तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"अब्बा को बोले नै?"

"पूछे कब?" असं म्हणून त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि मला पुढे लाव म्हणाला.